गलांडे सरांचा हात

गलांडे सरांनी मनिषाच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, 'सरक' म्हणाले आणि तिच्या डाँकीवर बसले. चित्र काढायला बसायच्या त्या अरुंद लाकडी बाकड्याला विभागात सगळे डाँकीच म्हणत. पुढे बोर्ड टेकवायला आधार आणि मागे एकाच माणसापुरती जागा, अशी तिची रचना होती. त्यामुळे सर बसले की विद्यार्थ्याला उठावेच लागे. मनिषा उठली आणि बाजूला उभी राहिली.

समोर चौथऱ्यावर म्हस्कूआबा बसले होते. लाल मुंडासे, खांद्यावर घोंगडी, गुडघ्यावर हात. आबांनी मेंढरे विकली त्याला बारा वर्षे झाली होती आणि तेव्हापासून ते विभागाचे मॉडेल होते. रानात काठीला टेकून तासन्‌तास उभे राहण्याची सवय असल्यामुळे नोकरी त्यांना जड गेली नाही. उलट इथे बसायला मिळते, याचेच त्यांना सुरुवातीला नवल वाटले होते.

"मुंडाशाला वजन असतं," सर म्हणाले. "तुझं मुंडासं हवेत तरंगतंय. हे बघ."

वीस मिनिटांत मुंडाशाला वजन आले, कानशिलावर सावली उतरली, घोंगडीला घड्या पडल्या. सरांनी पेन्सिल परत दिली आणि आता पुढचे तू कर म्हणून सांगितले. पुढे करण्यासारखे काही उरले नव्हते. मनिषाने उजव्या कोपऱ्यात आपले नाव घातले आणि खाली तारीख टाकली.

तोवर सर बिरू देवकात्याच्या मागे जाऊन उभे राहिले होते. बिरू सवयीने आधीच अर्धा उठला होता.

इंदापुरातल्या त्या महाविद्यालयाचा चित्रकला विभाग म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, चौदा विद्यार्थी आणि गलांडे सर. शाळांमधले चित्रकला शिक्षक तयार करणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिथे चाले. कुणी पळसदेवहून एसटीने येई, कुणी बारामतीकडून, कुणी सायकल हाणीत. सरांनी अठरा वर्षांपूर्वी विभाग उभा केला होता आणि उभा केलेला विभाग कुणाच्या हाती द्यायचा नसतो, असा त्यांचा समज होता. फळ्यावरचे सुविचार तेच लिहीत. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असे. कागद कापायच्या यंत्राला तर ते कुणाला शिवू देत नसत. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या पात्याखाली त्यांचाच अंगठा सापडला होता, तरी. आणि विभागातून एकही चित्र आपला हात लागल्याशिवाय बाहेर गेलेले नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत.

गेल्या वर्षी तपासणी समिती येऊन गेली. समितीने मान्यता दिली, पण एकाच वर्षाची, आणि अहवालात एक वाक्य लिहिले: 'विद्यार्थ्यांच्या कामात कमालीचा सारखेपणा आढळतो.' सरांनी ते वाक्य निळ्या पोस्टर कलरमध्ये टपोऱ्या अक्षरांत लिहिले, भोवती सोनेरी वेलबुट्टी काढली आणि चौकट करून दारावर आतल्या बाजूने लावले. हे वाक्य कौतुकाचे नसावे, अशी प्राचार्य रासकरांना वर्षभर शंका होती. पण चौकट इतकी सुबक होती की विषय काढायचा कसा, हे त्यांना सुचत नव्हते.

आता फेब्रुवारी सत्त्याण्णव उजाडला होता आणि समिती पुन्हा शुक्रवारी यायची होती. सोमवारी, सर बिरूच्या डाँकीवर बसलेले असतानाच, शिपाई शकुबाई कागदांचा गठ्ठा घेऊन आली. प्राचार्य बारामतीला तीन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आले होते, आणि तिथून त्यांनी एक नवी गोष्ट आणली होती. विद्यार्थ्यांचे अभिप्राय घ्यायचे. प्रत्येकाला एक छापील पत्रक द्यायचे, नाव लिहू द्यायचे नाही. नऊ प्रश्नांना 'अति उत्तम'पासून 'असमाधानकारक'पर्यंत चार चौकोन, आणि दहाव्या प्रश्नाखाली अर्धे पान मोकळे: 'विभाग सुधारण्यासाठी तुमचे म्हणणे.' शिवाय विभागप्रमुखाने वेगळ्या कागदावर लिहून द्यायचे, की या अभिप्रायावरून कोणती सुधारणा केली.

सरांनी मंगळवारी पत्रके वाटली आणि मुले भरू लागली तसे ते रांगांमधून फिरू लागले. फिरण्याचा हेतू वाईट नव्हता. पण बिरूच्या चौकोनातली बरोबरची खूण इतकी आडवी पडली होती की त्यांना राहवले नाही.

"खूण अशी झोपते का रे?" ते म्हणाले. "सरक."

त्यांनी बिरूच्या नऊच्या नऊ खुणा उभ्या केल्या. मग प्रतिक्षाच्या केल्या, कारण तिच्या फार बारीक होत्या. तास संपला तेव्हा चौदा पत्रकांवरच्या एकशे सव्वीस खुणा एका मापाच्या, एका कलाच्या झाल्या होत्या आणि सगळ्या 'अति उत्तम'च्या चौकोनात होत्या.

प्राचार्यांनी गठ्ठा उलटून पाहिला आणि चष्मा काढला. असली पत्रके समिती तोंडावर फेकेल, असे ते म्हणाले. यंदा मान्यता गेली तर जूनमध्ये नवा वर्ग भरणार नाही, हेही त्यांनी सांगितले. विभाग बंद, आणि गलांडे, तुम्ही अतिरिक्त. कुठल्या तरी हायस्कुलात पाचवीला फुलपाखरू शिकवाल.

"मला एक खरी तक्रार पाहिजे," प्राचार्य म्हणाले. "एकच. आणि ती तुम्ही दूर केल्याचं पाहिजे."

"आमच्याकडे तक्रार नाहीये, सर."

"मग शोधा. आणि या वेळी तुम्ही खोलीत थांबायचं नाही."

बुधवारी पुन्हा कोरी पत्रके वाटून सर खाली स्टाफरूममध्ये बसले आणि वर शकुबाई दाराशी स्टुलावर बसून राहिली. अर्ध्या तासाने ती पुठ्ठ्याचा खोका घेऊन आली. पोरं लई वेळ गप बसली होती, एवढेच तिने सांगितले. खोका सरांनी पिशवीत घातला आणि घरी नेला.

दिवेलागणीला ते व्हरांड्यातल्या टेबलापाशी बसले. शेजारी त्यांच्या पत्नी लीलाबाई सुपात गहू निवडत होत्या. सरांनी एकेक पत्रक वाचायला घेतले. मजकुरात नाव नव्हते, पण सरांना नावाची गरज नव्हती. अक्षरलेखन त्यांनीच शिकवले होते. 'क'चा पोटफुगीर गोल पाहिला की यशराज, 'ल'ची पायगाठ पाहिली की प्रतिक्षा. नळाला पाणी नाही, हे यशराजने लिहिले होते. मुलींच्या खोलीला आतून कडी बसवावी, हे प्रतिक्षाने. बिरूने, काहीही तक्रार नाही, सर देवमाणूस आहेत, असे लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. पाच-सहा जणांनी नुसतेच 'ठीक' म्हटले होते आणि काहींनी जागा कोरीच सोडली होती. पाणी आणि कडी या संस्थेच्या गोष्टी होत्या. विभागप्रमुखाने दूर करावी अशी तक्रार कुणाची नव्हती. सरांना आत कुठेतरी बरे वाटले आणि शुक्रवारच्या आठवणीने ते बरे वाटणे लगेच गेले.

शेवटच्या पत्रकावर अक्षर नव्हते. दहाव्या प्रश्नाखालच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने चित्र काढले होते.

पानाच्या उजव्या कडेतून एक हात आत आला होता. दोनदा दुमडलेली बाही, मनगटावर चौकोनी घड्याळ, बोटांत पेन्सिल. हात मोठा होता, अर्धी जागा त्यानेच खाल्ली होती. त्याच्या खाली एवढीशी एक डाँकी, रिकामी. आणि डाँकीच्या शेजारी उभी एक आकृती. तिला चेहरा नव्हता आणि तिचे दोन्ही हात पाठीमागे होते.

सरांनी पत्रक दिव्याजवळ धरले. त्यांना आधी आनंदच झाला. कुणी सांगितले नसताना पोराने हाताचे स्मरणचित्र काढले होते. मनगट बरे होते, बाहीच्या दुमडी तर चांगल्या होत्या. अंगठा मात्र साफ चुकला होता. पहिल्या पेराशी तो बाहेर वळला होता, वाकड्या खुंटीसारखा. असा अंगठा माणसाला नसतो.

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली. उजव्या हातात पेन्सिल असल्यामुळे त्यांनी डावा हात समोर धरला, आरशात पाहावे तसा मनात उलटा केला आणि अंगठा सरळ केला. अंगठा सरळ झाल्यावर तर्जनी आखूड दिसू लागली. ती लांबवली. घड्याळाची बाजू फिरवून घेतली. बाहीखाली सावली दिली. सावली पडल्यावर खालची ती डाँकी आणि शेजारची आकृती उगाच मध्ये मध्ये करताहेत, असे त्यांना दिसले. गेल्या मे महिन्यात पळसदेवला निसर्गचित्राला नेले होते, तेव्हाही असेच झाले होते. धरणाचे पाणी उतरून जुने देऊळ उघडे पडले होते आणि मनिषाने देवळाला टेकवलेली तिच्या बापाची होडी काढली होती. सरांनी होडी खोडून देऊळ मोकळे केले होते. चौदा चित्रांत चौदा देवळे, प्रत्येकाचे शिखर सारखेच कललेले. त्यांनी खोडरबर घेतला आणि खालची गर्दी काढून टाकली.

लीलाबाईंनी सूप बाजूला ठेवून मान वळवली.

"छान काढलंय की. कुणी?"

"विभागातल्या पोरांपैकी कुणीतरी."

लीलाबाईंनी आणखी जरा वाकून पाहिले. "तुमीच काढल्यागत दिसतंय."

"मी थोडं दुरुस्त केलं."

"मग पोरानं काढलेलं कुठं हाय?"

"खाली होतं थोडं," सर म्हणाले. "ते खोडलं."

बोलून झाल्यावर त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. मग ती बोटाने जरा लांब सरकवली.

लग्न झाल्यावर पहिली काही वर्षे दिवाळीला दारात रांगोळी लीलाबाईच काढत. सर बाहेर येत, उकिडवे बसत आणि पाकळ्या सारख्या करून देत. पुढे रांगोळी सरच काढू लागले आणि गल्लीतल्या बायका ती पाहायला येऊ लागल्या. सर परीक्षेच्या कामाला परगावी गेले की मात्र गलांड्यांच्या दारात सकाळी एक वाकडेतिकडे कमळ दिसे, असे शेजारची विजयमाला सांगे. लीलाबाईंनी सूप उचलले आणि त्या आत गेल्या.

सरांनी पुन्हा पत्रकाकडे पाहिले. डाँकी पूर्वीच्या जागी काढता येईल, असा त्यांनी विचार केला. डाँकी काढणे अवघड नव्हते. पण शेजारच्या आकृतीशी ते अडले. तिचे हात पुढे बांधलेले होते की मागे, हेच त्यांना आठवेना. अठरा वर्षे ते स्मरणचित्र शिकवत होते. मग निदान आपण घातलेले तेवढे काढून टाकावे म्हणून त्यांनी अंगठ्यावरून खोडरबर फिरवला. पत्रकाचा कागद हलका, सायक्लोस्टाइलचा. दोनदा खोडणे त्याला सोसवले नाही. तो आधी तंतू सोडू लागला आणि मग अंगठ्याच्या जागी चवलीएवढे भोक पडले.

विभागाबद्दलची एकच खरी तक्रार होती आणि तिच्यातून आता टेबलाचे लाकूड दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सर तासभर आधी विभागात पोचले. ज्याने चित्र काढले त्याला बाजूला घ्यावे, नवे पत्रक द्यावे आणि पुन्हा काढून घ्यावे, असे त्यांनी ठरवले होते. नाव कळणे अवघड नव्हते. अक्षरावरून माणूस ओळखणाऱ्याला रेषेवरून ओळखायला कितीसा वेळ. एकाने दुसऱ्याचे पत्रकही भरले असेल, म्हणून त्यांनी कपाट उघडून चौदाही जणांच्या चित्रांच्या फायली टेबलावर घेतल्या आणि पत्रकावर शिल्लक राहिलेली मनगटाची रेषा एकेका पानाशी ताडून पाहायला सुरुवात केली.

मनिषाच्या फायलीतले मुंडासे त्यांचे होते. बिरूच्या फायलीतला माठ त्यांचा होता. यशराजच्या निसर्गचित्रातले देऊळ त्यांचे, प्रतिक्षाच्या निसर्गचित्रातलेही. पाने उलटता उलटता त्यांचा वेग कमी होत गेला. शेवटच्या फायलीची दोरी त्यांनी न सोडताच पुन्हा आवळली. पोरे कशी काढतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. पोराने सुरू करून पोरानेच संपवलेले चित्र त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

म्हस्कूआबा आले. घोंगडी झटकली, चपला भिंतीशी लावल्या. सरांनी त्यांना जवळ बोलावले आणि पत्रक दाखवले.

"आबा, तुम्ही रोज समोर बसता. सगळ्यांची तोंडं तुमच्याकडं. हे कुणी काढलं असेल?"

आबांनी पत्रक हातात घेतले, उजेडाकडे धरले. भोकातून खिडकी दिसली.

"मॉडेलनं त्वांड उघडायचं न्हाय," ते म्हणाले. "पयल्या दिवशी तुमीच सांगितलं व्हतं."

"आत्ता तुम्ही चौथऱ्यावर नाही."

"तरीबी. बारा वर्सं झाली, सवय पडली." त्यांनी पत्रक परत दिले. "बोलत्यात पोरं. मला काय, दगडापुढं बोलल्यागत बोलत्यात. पर मी सांगितलं तर उंद्या बोलायची न्हाईत. मग माझा येळ कसा जायाचा?"

मुले आली. डाँक्या ओढल्याचे आवाज झाले, बोर्डांना कागद लागले. आबा चौथऱ्याकडे निघाले तसे सरांनी त्यांना थांबवले आणि वर्गाला सांगितले, की आज हाताचा अभ्यास, वेळ चाळीस मिनिटे, आणि आज मॉडेल म्हणून ते स्वतः बसणार आहेत.

चौदा जणांनी एकमेकांकडे पाहिले.

"सर," बिरूने विचारले, "मग दुरुस्त कोण करणार?"

"कुणी नाही."

"आमी काढू तसंच ऱ्हाणार?"

"तसंच."

बिरूच्या चेहऱ्यावर खरी भीती दिसली. यशराज हसला आणि मग, सर हसत नाहीत असे पाहून, पेन्सिलीला टोक करू लागला.

सर चौथऱ्यावर बसले. आबांनी घरी जायला नकार दिला. आपली जागा अशी कुणाच्याही हवाली करून जायला त्यांचे मन घेईना. त्यांनी सरांभोवती एक फेरी मारली आणि डोके हलवले.

"मान ताठ ठिवू नका, दुखंल. भिताडावरची एक खूण धरा आन्‌ तिथंच बघा. डोळं फिरवायचं न्हाईत." मग त्यांचे लक्ष सरांच्या उजव्या हाताकडे गेले. अभ्यासासाठी म्हणून सरांनी बोटांत पेन्सिल धरली होती. "ती हिकडं द्या."

"असू दे आबा. पेन्सिल धरलेला हात आहे."

"हातात पेन्सिल ऱ्हायली तर तुमी बसून ऱ्हायचं न्हाय. द्या."

त्यांनी पेन्सिल घेतली, खिशातली दुसरीही काढून घेतली आणि दोन्ही आपल्या मुंडाशात खोचल्या. सरांचा हात त्यांनी उचलून गुडघ्यावर ठेवला, मेंढराचा पाय ठेवावा तसा.

सरांनी भिंतीवरची खूण शोधली. समोर दार होते आणि दारावर त्यांचीच चौकट. 'विद्यार्थ्यांच्या कामात कमालीचा सारखेपणा आढळतो.' एरवी त्यांची तिच्याकडे पाठ असे. पहिल्यांदा त्यांनी अक्षरांची वळणे पाहिली. 'ळ' उत्तम साधला होता. दुसऱ्यांदा वेलबुट्टी पाहिली. दहाएक मिनिटे झाल्यावर पाहायला काही उरले नाही, तेव्हा त्यांनी वाक्य वाचले. मग आणखी एकदा वाचले. नंतर त्यांनी खूण बदलली आणि ते दाराच्या कडीकडे पाहू लागले.

पण डोळ्यांच्या कडेला चौदा कोपरे हलताना दिसतच होते. कोपराच्या हालचालीवरून रेषा कुठे चालली आहे हे त्यांना कळत होते. यशराजने मनगट वेळेआधी संपवले. प्रतिक्षा अजून बोटे मोजत होती. मनिषाचा कोपर एकदम खाली आला; तिथे एवढी लांब रेषा असायचे काही कारण नव्हते. सरांचा डावा पाय चौथऱ्यावरून खाली उतरला.

"बसा," आबा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण एके काळी त्या आवाजाला तीनशे मेंढरे बसत. सर बसले. मागून कुणीतरी खुसखुसले आणि थांबले. त्यानंतर पेन्सिलींच्या आवाजाशिवाय खोलीत काही ऐकू आले नाही.

चाळीस मिनिटे झाल्यावर सर उठले. कंबर धरली होती. ते पहिल्या रांगेत शिरले तसा बिरू उठू लागला.

"बस," सर म्हणाले.

बिरूचा हात खोऱ्यासारखा होता. यशराजने घड्याळाचे काटेसुद्धा काढले होते, पण बोटे सहा आली होती. प्रतिक्षाचा हात लहान, पानाच्या मधोमध, थंडीत आकसल्यासारखा. मनिषाच्या हाताच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या. ती लांब रेषा म्हणजे अशीच एक शीर होती, ती थेट मनगटापर्यंत गेली होती. एक चित्र दुसऱ्यासारखे नव्हते. चौदांपैकी एकही चित्र समितीपुढे ठेवण्याजोगे नव्हते, असे त्यांना आधी वाटले. दुसऱ्या फेरीत ते तितक्या खात्रीने वाटेना. पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी होती. पहिल्या पेराशी अंगठा बाहेर वळलेला. वाकड्या खुंटीसारखा.

"अंगठा," सर म्हणाले. "सगळ्यांचाच चुकलाय."

मुले आपापल्या बोर्डाकडे पाहत राहिली. शेवटी मनिषाने मान वर केली. तिने सरांच्या तोंडाकडे पाहिले नाही, हाताकडे पाहिले.

"नाही, सर. तो तसाच आहे."

सरांनी उजवा हात तिच्या कागदाशेजारी बोर्डावर ठेवला. कागद कापायच्या यंत्राने नऊ वर्षांपूर्वी केलेले काम त्यांनी पाहिले. डॉक्टरांनी तेव्हा पट्टी सोडताना, पेन्सिल धरता येईल पण सरळ व्हायचा नाही, असे सांगितले होते. सरांनी त्यातले पेन्सिलीचे तेवढे लक्षात ठेवले होते. पोरांनी मात्र तो अंगठा दोन वर्षे रोज, आपल्याच कागदावर, हातभर अंतरावरून पाहिला होता.

"लई दिस झालं तसाच हाय," आबा खिडकीजवळून म्हणाले. "मी बोललो न्हाय."

सरांनी पत्रक कुणाचे, हे विचारले नाही. चौदांपैकी कुणाचेही असू शकत होते. त्यांनी चौदाही चित्रे जमा केली, भोक पडलेले पत्रक सर्वांत वर ठेवले आणि टाचणी लावली.

दारात शकुबाई उभी होती. प्राचार्यांनी पाठवले होते. समितीची गाडी उद्या दहाला येणार. तिने वरचे पत्रक पाहिले.

"ह्ये फाटलंय की, सर."

"हो. माझ्याच हातून फाटलं. तसंच द्या."

"आन्‌ सुधारणा काय केली, ती लिवून मागितलीय," शकुबाईने कोरा कागद पुढे केला. "आत्ताच पायजे म्हणालेत."

सरांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. म्हस्कूआबा खिडकीत टेकून सरांच्या एका पेन्सिलीने निवांत कान कोरत होते. दुसरी मुंडाशात होती. सर क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी कोरा कागद मनिषाच्या बोर्डावर ठेवला.

"तू लिही," ते म्हणाले.

मनिषा उठू लागली.

"बसून."

ती बसली. तिने पेन्सिलीचे टोक पाहिले, कागद जरा तिरका करून घेतला आणि पहिले अक्षर काढले. ते डावीकडे कलले होते. दुसरे त्याहून थोडे जास्त. सर डाँकीच्या शेजारी उभे होते. त्यांनी एक पाऊल मागे घेतले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. आणि त्या आकृतीचे हात पुढे नव्हते, मागेच होते, हे त्यांना तेव्हा आठवले.